डाउनलोड झालं, लागलं नाही: ब्राउझर पॅचिंगच्या नोंदी

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार

सकाळी आल्या आल्या क्रोमचं सुरक्षा पत्रक वाचलं. काल रात्री आलेल्या या अपडेटमध्ये एकच दुरुस्ती आहे आणि तीच पुरेशी आहे: सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या दोषाचा क्रमांक), वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरवलेल्या मेमरीच्या पलीकडे लिहिलं जाणं, गंभीरता ‘क्रिटिकल’. खाली नेहमीचं वाक्य, की या दोषाचा गैरवापर प्रत्यक्षात सुरू असल्याची गूगलला कल्पना आहे. ते वाक्य दिसलं की चहा बाजूला ठेवायचा, हा माझा नियम.

दोष कळवला ॲपलच्या सुरक्षा पथकाने आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने, ६ सप्टेंबरला. पाच दिवसांत दुरुस्ती बाहेर आली. दोषाचा तपशील मात्र कुलूपबंद आहे. बहुतेक लोकांनी अपडेट घेईपर्यंत तो तसाच राहतो, आणि ते बरोबरही आहे. पण क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्या इंजिनाचा, कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. दुरुस्तीची ओळ वाचून भोक कुठे होतं हे उलट शोधणारे लोक जगात आहेत आणि त्यांना पत्रकाची गरज नसते. म्हणजे पॅच (दुरुस्ती) प्रसिद्ध झाला त्या क्षणी न लावलेली मशीन जास्त धोक्यात येतात.

आपल्याकडे एकूण २१४ मशीन. क्रोम २०३ वर, फायरफॉक्स ६१ वर, एज जवळजवळ सगळीकडे. एजचं इंजिन क्रोमियमचंच, त्यामुळे तिथेही हाच दोष. फक्त पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग) वेगळ्या जागी लिहाव्या लागतात.

लक्ष्य: क्रोम ११६.०.५८४५.१८७ किंवा त्यापुढचं. अपडेट टप्प्याटप्प्याने पोहोचतं, ‘येत्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत’. तेवढी वाट बघायची नाही, म्हणून इन्स्टॉलर आपणच सर्व्हरवरून ढकलायचा ठरलं. संध्याकाळी आवृत्ती मोजणारी स्क्रिप्ट चालवली: २०३ पैकी १७१ ठीक. अजून ढकललं नसताना इतके? नशीब म्हटलं आणि साहेबांना आकडा कळवून घरी गेलो.

१३ सप्टेंबर, बुधवार

नशीब नव्हतं, गाढवपणा होता. माझा.

शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर सहज ‘क्रोमविषयी’ पान उघडलं तर ११६.०.५८४५.९६. ऑगस्टमधली आवृत्ती. आणि माझ्या यादीत ते मशीन हिरवं! स्क्रिप्ट आवृत्तीची तुलना आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून करत होती. मजकुरात ‘९६’ हे ‘१८७’ पेक्षा मोठं ठरतं, कारण पहिलं अक्षर ९ आणि समोर १. शाळेतल्या पोरालाही कळेल की ९६ लहान. स्क्रिप्टला कळत नव्हतं, कारण मी तिला सांगितलंच नव्हतं.

आवृत्तीचे चारही तुकडे वेगळे करून, प्रत्येकाचा पूर्णांक करून, डावीकडून एकेक ताडून पाहिलं. खरा आकडा: ६४.

साहेबांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “कालचा आकडा छान होता हो, राहू द्यायचा होतात.” मग हसले, पण अहवालावर कालची तारीख खोडून आजची घालायला लावली. योग्यच केलं.

दरम्यान क्रोम ११७ आलं आहे. दुरुस्ती त्यातही आहे, त्यामुळे आता दोन्ही शाखा चालतील. फायरफॉक्सने काल ११७.०.१ काढलं, दीर्घ मुदतीच्या शाखांसाठी १०२.१५.१ आणि ११५.२.१. लायब्ररी एकच, म्हणून दोषही एकच. लोकांना वाटतं क्रोम आणि फायरफॉक्स ही दोन घराणी, एक पडलं तर दुसरं उभं राहील. इथे दोघांच्याही तळघरात एकच खांब निघाला.

१४ सप्टेंबर, गुरुवार

रात्री इन्स्टॉलर ढकलला. सकाळी डिस्कवर नवी आवृत्ती असलेली मशीन: १३९. मग कालच्या धड्यामुळे संशय आला आणि दुसरी स्क्रिप्ट लिहिली. डिस्कवर काय पडलंय ते न बघता, मेमरीत चालू असलेल्या प्रक्रियेची आवृत्ती विचारायची.

चालू असलेली नवी आवृत्ती: ४७.

सगळी गोम इथे आहे. विंडोजवर चालू असलेली फाइल बदलता येत नाही. म्हणून क्रोम नवी फाइल जुनीच्या शेजारी ‘न्यू-क्रोम’ अशा नावाने ठेवून देतं आणि वाट बघतं. वापरणाऱ्याने ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला की नावांची अदलाबदल होते. तोवर नवं औषध बाटलीत आणि रुग्ण जुन्याच आजारात. आपले सगळे अहवाल आजवर बाटली मोजत आले होते. ‘पॅचिंग ९५ टक्के’ असं आपण गेली दोन वर्षं लिहितोय ते नेमकं कशाचं, हे आता बोलायची माझी हिंमत नाही. पण इथे लिहून ठेवतो.

कोपऱ्यातलं अपडेटचं चिन्ह आधी हिरवं, मग नारिंगी, आठवडा उलटला की लाल होतं. आज मजल्यावर फेरी मारताना सात लाल मोजले. एकाला विचारलं तर म्हणाला, “ते तसंच असतं ना?”

उपाय पॉलिसीत आहे. रीलाँचची, म्हणजे ब्राउझर बंद करून पुन्हा उघडण्याची, सूचना ‘सक्तीची’ करायची आणि मुदत द्यायची. न दिल्यास मुदत सात दिवसांची. मी ४८ तास ठरवले. मुदत मिलिसेकंदांत लिहायची असते: १७२८०००००. शून्यं तीनदा मोजली, कालच्या गोष्टीनंतर चौथ्यांदाही.

हिशेब विभागातल्या मॅडमचा फोन: “अहो, माझे टॅब जातील ना सगळे?” टॅब परत येतात. इनकॉग्निटो खिडक्या येत नाहीत, आणि अर्धवट भरलेला फॉर्म येईलच असं नाही. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दुपारी दोनला मीच बंद करते, तुमच्या घड्याळाची वाट कशाला. असे दहा लोक असते तर ही वही लिहावी लागली नसती.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पॉलिसी सगळीकडे पोहोचली. हेल्पडेस्कला २३ फोन, त्यातले बहुतेक “हा व्हायरस आहे का?” या प्रश्नाचे. चूक आमची. सूचना पाठवली ती सक्ती लागू झाल्यानंतर. पुढच्या वेळी पत्र आधी, पॉलिसी मग.

१८ सप्टेंबर, सोमवार

चालू असलेली नवी आवृत्ती: १८१. उरली २२. आता स्क्रिप्टचं काम संपलं, पायांचं सुरू.

नऊ लॅपटॉप: रजेवर, दौऱ्यावर, कपाटात. उघडतील तेव्हा बघू. नेटवर्कवर घेण्याआधी आवृत्ती तपासायचा नियम टाकला.

सहा मशीनवर क्रोमची अपडेट सेवा कोणीतरी पूर्वी बंद करून ठेवलेली, त्यामुळे आमचा इन्स्टॉलरही अडखळला. कोणी, ते विचारत बसलो नाही. एका मशीनच्या मागे चिकटवलेल्या कागदावर कारण सापडलं: ‘अपडेटमुळे नेट स्लो होते. चालू करू नये.’ अक्षर ओळखीचं आहे. ते इथून बदलून गेले त्याला चार वर्षं झाली, कागद अजून ड्युटीवर.

तीन मशीनचा प्रकार मजेशीर. दोन क्रोम! एक सगळ्यांसाठी, प्रोग्रॅम फोल्डरमध्ये. दुसरं वापरणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, कधीतरी परवानगीशिवाय बसवलेलं. आम्ही पहिलं अद्ययावत करत होतो, माणूस दुसरं वापरत होता.

एक टर्मिनल सर्व्हर. पंधरा-सोळा जण एकाच वेळी लॉगिन, क्रोम सगळ्यांचं एकच. एकाचंही सेशन उघडं असेल तोवर फाइल अडकलेली. आणि नेहमी एकाचं तरी असतंच, कारण लोक लॉगऑफ करत नाहीत, खिडकीवर फुली मारतात आणि सेशन आत तसंच जिवंत राहतं. रात्री दोनला सगळी सेशन तोडण्याची वेळ ठरवली.

स्वागतकक्षाच्या भिंतीवरचा पडदा. छोट्या संगणकावर क्रोम, दिवसरात्र एकच पान. शेवटचं रीस्टार्ट मे महिन्यात. कीबोर्डच नाही, त्यामुळे ‘आता रीलाँच करा’ ही विनंती चार महिने रिकाम्या खुर्चीला केली जात होती. रोज पहाटे चारला आपोआप रीस्टार्ट लावला.

उरली दोन विंडोज ७ ची. त्यांच्याविषयी वेगळं लिहितो.

२० सप्टेंबर, बुधवार

विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. या वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. म्हणजे या दोन मशीनसाठी दुरुस्ती येणारच नाही, आणि ‘अपडेट करा’ हे वाक्य तिथे निरर्थक. दोन्हींना जुने मोठे स्कॅनर जोडलेत, ज्यांचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाहीत.

तात्पुरता तोडगा: क्रोम काढलं, फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची ११५ शाखा बसवली. ती विंडोज ७ वर अजून चालते आणि ११५.२.१ मध्ये ही दुरुस्ती आहे. पण खालची विंडोजच असमर्थित, त्यामुळे गळक्या छतावर चांगली खिडकी बसवल्यासारखं झालं. खरा उपाय म्हणजे या दोघांना इंटरनेट नको. स्कॅन केलेल्या फाइली फक्त एका अंतर्गत फोल्डरमध्ये जातील एवढंच दार ठेवायचं. फायरवॉल नियमासाठी अर्ज टाकला.

बैठकीत एक सूचना आली: एवढं सगळं करण्यापेक्षा वेबपी प्रकारची चित्रं प्रॉक्सीवरच (इंटरनेटच्या वाटेवरच्या आपल्या सर्व्हरवर) अडवा. ऐकायला बरी, पण चालत नाही. ब्राउझर चित्राचा प्रकार फाइलच्या नावावरून ठरवत नाही, आतले पहिले काही बाइट बघून ठरवतो. ‘जेपीजी’ असं नाव दिलेलं वेबपी सुखाने उलगडतं. आणि बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड, प्रॉक्सीला आतलं दिसतच नाही. हे समजावण्यात पाऊण तास गेला. गेला तर गेला, प्रश्न प्रामाणिक होता.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

पूर्वी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या पथकात असलेले बेन हॉक्स यांचं या दोषावरचं विश्लेषण काल प्रसिद्ध झालं. ते वाचलं, मग दुरुस्तीचा कोड उघडून बसलो. आठवड्यातला सगळ्यात चांगला तास.

वेबपीच्या अविनाशी, म्हणजे गुणवत्ता न गमावणाऱ्या प्रकारात रंगांची माहिती हफमन कोडने दाबलेली असते. वारंवार येणाऱ्या रंगाला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. कोणत्या कोडची लांबी किती, हे चित्राची फाइलच सांगते. उलगडणारा प्रोग्रॅम त्या लांब्यांवरून तक्ते बनवतो: पहिला तक्ता ८ बिटांचा, त्याहून लांब कोडसाठी, म्हणजे १५ बिटांपर्यंत, दुसऱ्या पातळीचे तक्ते.

या तक्त्यांना जागा किती लागेल? लिहिणाऱ्यांनी गणित करून कमाल आकडा काढला होता आणि तो बरोबर होता. फक्त गणितात गृहीत धरलं होतं की फाइलने दिलेल्या लांब्या नियमात बसणाऱ्या असतील. आणि त्या नियमात बसतात का, ही तपासणी होत होती तक्ता भरून झाल्यावर! मुद्दाम वेड्यावाकड्या लांब्या दिल्या की तक्ता ठरवलेल्या जागेच्या पलीकडे लिहिला जातो, आणि ‘अरे, हे चुकीचं आहे’ हे लक्षात येईपर्यंत शेजारची मेमरी बिघडलेली असते. पाहुणे जेवून गेल्यावर दारात आमंत्रणपत्रिका तपासावी तसं.

दुरुस्ती अगदी साधी: तक्ता आधी न लिहिता नुसता चालवून बघायचा, माहिती वैध असेल तरच पुढे जायचं, जागा कमी असेल तर वाढवून घ्यायची.

ही लायब्ररी वर्षानुवर्षं फझिंगमध्ये होती, म्हणजे यंत्राने अब्जावधी बिघडवलेल्या फाइली तिच्यावर फेकल्या होत्या. तरी सापडलं नाही. तक्ते नेमके उतू जातील अशा लांब्या योगायोगाने जुळणं जवळजवळ अशक्य, त्यासाठी माणूस बसावा लागतो. आणि वापरणाऱ्याने काही दाबायची गरज नाही, चित्र दिसलं की झालं. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हे आमचं भिंतीवरचं पोस्टर इथे कामाचं नाही.

टर्मिनल सर्व्हर: काल रात्री सुटला.

२६ सप्टेंबर, मंगळवार

ब्राउझर झाले असं म्हणेपर्यंत दुसरं दार उघडलं: डेस्कटॉप ॲप्स बनवायचं साधन, इलेक्ट्रॉन.

व्हीएस कोड, स्लॅक, सिग्नल डेस्कटॉप ही डेस्कटॉप ॲप्स दिसतात वेगळी, पण आत प्रत्येकात स्वतःचं क्रोमियम भरलेलं असतं. आपण क्रोम अद्ययावत केलं म्हणून त्यांच्या पोटातलं बदलत नाही. इलेक्ट्रॉनने दुरुस्त आवृत्त्या काढल्यात (२२.३.२४, २४.८.३, २५.८.१, २६.२.१), पण प्रत्येक ॲप बनवणाऱ्याने ती घेऊन स्वतःचं नवं अपडेट काढायला हवं. क्रोमची फाइल सापडत नाही म्हणून क्रोमियमच्या सोबत येणाऱ्या ठरावीक फाइलींच्या नावाने सगळ्या डिस्क शोधल्या. ११ ॲप्स निघाली. यादीत सहाच होती!

आठ अद्ययावत झाली. दोन कोणी वापरतच नव्हतं, काढली. उरलं हजेरीचं ॲप, सगळ्यांच्या मशीनवर असलेलं. आत इलेक्ट्रॉन १३. इलेक्ट्रॉनमध्ये सँडबॉक्स (आतल्या कोडला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) न सांगता चालू असतो तो आवृत्ती २० पासून. क्रोममध्ये असा दोष वापरणाऱ्याला बाहेर पडायला आणखी एक भिंत फोडावी लागते. इथे, ॲप लिहिणाऱ्याने मुद्दाम उभारली नसेल तर, ती भिंतही नाही.

पुरवठादाराला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, हे कौतुकास्पद: ‘आमचं ॲप बाहेरची कोणतीही संकेतस्थळं उघडत नाही, त्यामुळे या दोषाचा परिणाम होत नाही.’ मग मी ॲप उघडून स्वतःच्या प्रोफाइलवर एक वेबपी चित्र चढवलं. नाव ‘जेपीजी’ ठेवलं. पाच मिनिटांत सगळ्या सहकाऱ्यांच्या हजेरीपटावर माझ्या नावाशेजारी ते चित्र उमटलं. निरुपद्रवी होतं, मांजराचं. स्क्रीनशॉटसह परत पाठवलं. अजून उत्तर नाही.

आज लिबरऑफिसनेही याच कारणासाठी ७.६.२ आणि ७.५.७ काढलं. दस्तऐवजात चित्रं असतात, हे मलाही आधी सुचायला हवं होतं. थंडरबर्ड मात्र गेल्या आठवड्यातच झालं होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा. सीव्हीई-२०२३-५२१७. या वेळी लिबव्हीपीएक्स या व्हिडिओच्या लायब्ररीतला व्हीपी८ प्रकारचा व्हिडिओ एन्कोड करणारा भाग. पुन्हा हीप बफर ओव्हरफ्लो, पुन्हा प्रत्यक्ष गैरवापर. २५ ला गूगलच्याच धोका विश्लेषण गटाने कळवलं, काल ११७.०.५९३८.१३२ मध्ये दुरुस्ती. दोन दिवस.

या वेळी क्रम असा: आधी पत्र (चार ओळी, ‘हा व्हायरस नाही’ पहिल्याच ओळीत), मग इन्स्टॉलर, मग सक्ती २४ तासांची: ८६४०००००.

जाता जाता, वेबपीच्या दोषाला मध्येच सीव्हीई-२०२३-५१२९ असा दुसरा क्रमांक मिळाला होता, या वेळी नुसत्या लायब्ररीच्या नावाने, तीव्रता १० पैकी १०. आता तो दुहेरी नोंद म्हणून रद्द झालाय. आमच्या दोष शोधणाऱ्या स्कॅनरने मात्र दोन्ही क्रमांक घेतले आणि अहवालात दोष दुप्पट दिसले. पण त्या वेगळ्या क्रमांकामागचा मुद्दा चुकीचा नव्हता. पहिल्या नोंदीत फक्त ‘क्रोम’ वाचून कितीतरी लोकांनी बाकीच्या ॲप्सकडे बघितलंच नसेल. आम्हीही चौदा दिवस बघितलं नव्हतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी सहा: चालू असलेली नवी आवृत्ती, क्रोम असलेल्या २०१ पैकी १९४. गेल्या वेळी इथवर यायला सहा दिवसांहून जास्त लागले होते. हेल्पडेस्कला फोन चार. फायरफॉक्स ११८.०.१ आणि ११५.३.१ आजच ढकललं. विंडोज ७ च्या दोघांचा फायरवॉल नियम लागू.

भिंतीवरचा पडदा पहाटे स्वतःहून अद्ययावत झाला. त्याला अभिनंदनाची टाळी वाजवली, स्वागतकक्षातल्या ताईंनी विचित्र नजरेने पाहिलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

नव्या रुजू झालेल्या दोघांना लॅपटॉप दिले. अर्ध्या तासात दोन्ही यादीत लाल. आवृत्ती: ११६.०.५८४५.९६! आपली मूळ प्रतिमा, जिच्यावरून नवी मशीन तयार करतो, ती ऑगस्टमध्ये गोठवलेली. म्हणजे इतके दिवस आपण एका दाराने दोष बाहेर काढत होतो आणि दुसऱ्या दाराने कोरी मशीन दोषासकट आत घेत होतो. प्रतिमेतून ब्राउझर काढून टाकला. पहिल्या सुरुवातीला सर्व्हरवरून ताजा घेईल.

क्रोम ११६ पासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येतात, म्हणून ‘लक्ष्य आवृत्ती’ हाताने लिहिणं बंद. स्क्रिप्ट आता रोज सकाळी स्थिर आवृत्ती स्वतः विचारते. मासिक अहवालाचा रकाना ‘स्थापित’ होता, तो ‘चालू’ केला. साहेबांनी विचारलं, ऑगस्टचा आकडा नव्या पद्धतीने काय आला असता? म्हटलं, तेव्हा मोजलंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत. रकाना मंजूर केला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

कपाटातल्या नऊपैकी आठ लॅपटॉप झाले. नववा कोणाच्या ताब्यात आहे ते साठा वहीत वेगळं आणि प्रत्यक्षात वेगळं, शोध चालू.

हजेरीच्या ॲपचं उत्तर आलं: नवी आवृत्ती ‘लवकरच’. तारीख मागितली आहे. तोवर त्या ॲपमध्ये फोटो चढवण्याची सोय सर्व्हरच्या बाजूने बंद करून घेतली, आधीचे सगळे फोटो काढले. मांजर गेलं. आता सगळ्यांच्या नावापुढे करडं वर्तुळ दिसतं आणि सकाळपासून तीन जणांनी तक्रार नोंदवली आहे.